पेटीत बर्फ किती घालायचा? मासळी, औषधं आणि आइस्क्रीम थंड पाठवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातून मासळी पाठवणारे छोटे व्यापारी, इन्सुलिन पार्सल करणारी औषधदुकानं, महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरी धाडणारे बागायतदार आणि घरगुती आइस्क्रीमवाले यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. अंदाजाने बर्फ घालण्यात दोन्हीकडून नुकसान होतं. कमी पडला तर माल जातो, जास्त झाला तर पाण्याच्या वजनाचं भाडं आणि हमाली भरावी लागते. हिशेब मात्र गुणाकार-बेरजेपलीकडचा नाही. सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत.

१. एक किलो बर्फ नेमकं किती काम करतो?

शून्य अंशाचा एक किलो बर्फ पूर्ण वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. त्याचं झालेलं शून्य अंशाचं पाणी पुढे दर अंशाला जेमतेम ४.२ किलोज्यूल शोषतं. म्हणजे थंडावा वितळण्यात आहे, थंड पाण्यात नाही. बर्फ उणे १८ अंशाच्या फ्रीझरमधून काढला असेल तर शून्यापर्यंत येताना तो आणखी ३८ किलोज्यूल घेतो, साधारण ११ टक्के जास्त. मासळीसाठी हा फायदा आहे, इन्सुलिनसाठी धोका (प्रश्न ११).

कारखान्यातून आणलेला फोडलेला बर्फ ओला असतो. त्याच्या वजनातला दहावा भाग तरी पाणीच असतं, म्हणून आलेल्या उत्तरात १० टक्के वाढवा.

२. हिशेबात कोणकोणत्या गोष्टी धरायच्या?

मुख्य दोन, आणि त्या वेगवेगळ्या मोजायच्या.

पहिली, मालाची स्वतःची उष्णता. मासा २८ अंशांवर पेटीत गेला तर त्याला शून्याजवळ आणण्यात बर्फ खर्च होतो. हा खर्च एकदाच होतो आणि मालाच्या वजनावर ठरतो. मासळीसाठी आकडा सोपा आहे: दर किलोला, दर अंशाला ११ ग्रॅम बर्फ. फळांसाठी १२ ग्रॅम धरा. पाणी किंवा पातळ पदार्थ असेल तर साडेबारा.

दुसरी, भिंतीतून आत येणारी उष्णता. ती तासातासाला येत राहते. तिचा मालाच्या वजनाशी संबंध नाही. पेटीचा आकार, भिंतीची जाडी आणि बाहेरचं तापमान यांवर ती ठरते.

फळं-भाज्यांना तिसरीही असते, त्यांच्या श्वसनाची. ती प्रश्न १६ मध्ये आहे.

३. पेटीतून किती उष्णता आत येते हे कागदावर कसं काढायचं?

प्रत्येक पेटीला एक गळती-आकडा असतो: दर तासाला, आत-बाहेरच्या दर अंश फरकाला, किती ग्रॅम बर्फ वितळतो. तो असा काढा.

पेटीच्या आतल्या सहा बाजूंचं एकूण क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढा. बाहेरच्या बाजूंचंही काढा. दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या. या क्षेत्रफळाला ३९ ने गुणा आणि भिंतीच्या सेंटिमीटरमधल्या जाडीने भागा. ३९ हा थर्माकोलसाठी आहे. पफच्या, म्हणजे पॉलियुरेथेन फोमच्या, पेटीला २७ घ्या.

उदाहरणार्थ, आतून ४० × ३० × ३० सेंमी, भिंत ४ सेंमी, थर्माकोल. आतलं क्षेत्रफळ ०.६६, बाहेरचं १.०२, त्यांचं मधलं ०.८२ चौरस मीटर. ३९ × ०.८२ ÷ ४ = ८ ग्रॅम.

फक्त आतलं क्षेत्रफळ धरलं तर उत्तर कमी येतं, फक्त बाहेरचं धरलं तर जास्त. छोट्या, जाड भिंतीच्या पेटीत हा फरक दीडपटीच्याही वर जातो, म्हणून वर्गमूळाचा खटाटोप.

४. कागदावरचा आकडा खरा किती? तपासायचा कसा?

खरी गळती कागदावरच्यापेक्षा बहुतेक वेळा जास्तच निघते. झाकणाची फट, कोपऱ्यातली चीर, ओलावा प्यालेला जुना थर्माकोल यांतलं काहीच सूत्रात येत नाही. म्हणून आपली पेटी एकदा मोजाच. वजनकाटा आणि थर्मामीटर एवढ्यावर हे होतं.

पेटी तासभर बर्फ घालून आतून थंड करा आणि तो बर्फ फेकून द्या. मग पाणी निथळलेला १० किलो बर्फ घाला, झाकण नेहमीच्याच पद्धतीने चिकटपट्टीने बंद करा आणि पेटी सावलीत ठेवा. दर तासाला खोलीचं तापमान लिहा. आठ तासांनी उघडा, पाणी पूर्ण निथळू द्या आणि उरलेला बर्फ तोला.

समजा ७.६ किलो उरला आणि खोली सरासरी ३० अंश होती. वितळला २.४ किलो, म्हणजे २४०० ÷ (८ × ३०) = १० ग्रॅम. प्रश्न ३ मधली ८ ग्रॅमची पेटी प्रत्यक्षात १० ची निघाली. यापुढे हिशेबात १० च घ्यायचे. हा आकडा मार्करने पेटीवरच लिहून ठेवा. पेट्या पुन्हापुन्हा वापरत असाल तर दोन-तीन महिन्यांनी चाचणी परत करा. मोजणं शक्यच नसेल तर कागदावरच्या उत्तरात २५ टक्के वाढवा.

५. एक पूर्ण उदाहरण करून दाखवाल का?

मालवणहून पुण्याला १२ किलो सुरमई, वरचीच पेटी. मासा २८ अंशांवर. संध्याकाळी पाचला पेटी बंद, सकाळी नऊला उघडणार, म्हणजे १६ तास. उशिरासाठी ४ तास धरून २०. बाहेर सरासरी ३५ अंश.

मासा थंड करायला: १२ × २८ × ११ = ३.७ किलो.
भिंतीतून येणाऱ्या उष्णतेला: १० × ३५ × २० = ७ किलो.
बेरीज १०.७. ओल्या बर्फाचे १० टक्के वाढवून सुमारे १२ किलो.

आता जागा मावते का ते पाहा, कारण बरेच हिशेब इथे अडतात. पेटी ३६ लिटरची आहे. १२ किलो मासा साधारण १३ लिटर घेतो. बर्फाच्या चुऱ्यात पोकळी असते, म्हणून १२ किलोला २२ लिटर लागतात. एकूण ३५. जेमतेम बसलं.

तोच मासा आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून २ अंशांवर आणला असता, तर पहिला खर्च पाव किलोवर येतो आणि पेटीत ८ किलो बर्फ पुरतो. बंदरावरचा बर्फ स्वस्त असतो, पेटीतल्या बर्फाला भाडं आणि जागा दोन्ही लागतात. आधी थंड करणं नेहमीच परवडतं.

६. "जेवढा मासा तेवढा बर्फ" हा बंदरावरचा नियम चालतो की नाही?

मध्यम आकाराच्या पेटीला आणि एका रात्रीच्या प्रवासाला चालतो. वरचं उदाहरण नेमकं त्यावरच येऊन थांबलं, आणि नियम टिकून राहिला तो अशाच पेट्यांवर. पेटी बदलली की तो मोडतो.

त्याच पेटीतून ३ किलोच पापलेट पाठवलं तर भिंतीचा खर्च तोच, ७ किलो. माशाचा ०.९. ओल्या बर्फाचे धरून पावणेनऊ किलो, म्हणजे माशाच्या जवळजवळ तिप्पट. उलट, आतून १०० × ८० × ६० सेंमीच्या, ५ सेंमी पफच्या टबात २५० किलो मासा असेल तर गळती-आकडा २५ टक्के वाढवून २९ धरला तर भिंतीला २० किलो, माशाला ७७ किलो, एकूण सुमारे १०७ किलो. माशाच्या निम्म्याहूनही कमी.

कारण भूमितीचं आहे. पेटीच्या तिन्ही बाजू दुप्पट केल्या की आत आठपट माल मावतो, पण उष्णता शिरायची भिंत चौपटच वाढते. म्हणून घरोघरी दोन-दोन किलोची पार्सलं पाठवणाऱ्यांनी हा नियम सोडून द्यावा. सगळ्यात जास्त माल त्यांचाच खराब होतो. जमल्यास एकाच भागातल्या ऑर्डरी एका मोठ्या पेटीत पाठवून तिकडे वाटा.

७. प्रवासाचे तास कुठून कुठपर्यंत मोजायचे, आणि बाहेरचं तापमान किती धरायचं?

पेटी बंद केल्यापासून गिऱ्हाईक ती उघडेपर्यंत. गाडीचं वेळापत्रक हा त्यातला एक तुकडा. स्टॉपवर थांबणं, पार्सल ऑफिसात पडून राहणं, डिलिव्हरीवाल्याची फेरी हे सगळं त्यातच येतं. त्यावर एका रात्रीच्या प्रवासाला किमान ४ तास वाढवा. पावसाळ्यात घाटात दरड आली किंवा गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्ग तुंबला तर ४ पुरत नाहीत, ८ धरा. कुरियरने जात असेल आणि मध्ये रविवार येत असेल तर सरळ २४.

तापमान हवामान खात्याचं घेऊ नका. ते सावलीतलं असतं. रात्रीच्या बसच्या डिकीत एप्रिल-मेमध्ये ३५ धरा, इंजिनाजवळच्या कप्प्यात किंवा दिवसाच्या प्रवासात ४५. उन्हात उभ्या बंद टेम्पोत ५० च्या वर जातं. ३५ ऐवजी ४५ झालं की भिंतीचा खर्च जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढतो, म्हणून पार्सल देताना "इंजिनाकडे ठेवू नका" हे सांगणं पेटीतल्या दोन किलो बर्फाइतकं मोलाचं आहे.

८. बर्फ कुठे घालायचा, खाली की वर?

मासळीत दोन्हीकडे आणि मध्येही. तळाला ४–५ सेंमी चुरा, त्यावर माशांचा एक थर, परत बर्फ, परत मासे, कडेने बर्फ, आणि सगळ्यात वर जाड थर. माशावर मासा रचून वर नुसता बर्फ ओतला तर मधले मासे कित्येक तास कोमटच राहतात. एकूण बर्फ पुरेसा असूनही माल जातो तो यामुळे. मोठ्या टबात ही चूक जास्त महाग पडते.

लादीचे मोठे तुकडे टाकू नका. ते माशाला नीट भिडत नाहीत आणि दाबाने मांस फाडतात. बोंबलासाठी तर उथळ पेटी आणि अगदी बारीक चुराच हवा. त्याच्या अंगात पाणी जास्त, वरच्या भाराने लगदा होतो.

बर्फ पिण्याच्या पाण्याचा असावा. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्याजोगा नसलेला बर्फ निळा रंग घालून विकायचा नियम आहे. निळी लादी माशाला लावू नका.

पेटीत पोकळी उरली तर ती कागदाने किंवा जास्तीच्या बर्फाने भरा. मोकळी हवा आत फिरते आणि झाकणाकडची ऊब थेट मालापर्यंत नेते.

९. वितळलेलं पाणी बाहेर काढावं की आतच राहू द्यावं?

मासळीच्या दृष्टीने निघून गेलेलं बरं. वाहतं पाणी माशाच्या अंगावरचा चिकटा धुऊन नेतं, साचलेल्या पाण्यात तळचे मासे पांढरे, मऊ पडतात. स्वतःच्या टेम्पोत पेटीच्या तळाला बुचाचं भोक ठेवा.

बस, रेल्वे किंवा कुरियरमध्ये गळणारी पेटी कोणी घेत नाही, आणि शेजारचं पार्सल भिजलं तर भांडण तुमच्याशी. तिथे जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घाला. तळाला जाळी ठेवून त्याखाली पाण्याला जागा करा. ५ नंबरच्या उदाहरणात प्रवासाअखेर दहा लिटरच्या आसपास पाणी होणार आहे, हे लक्षात घेऊन जाळीची उंची ठरवा.

१०. बर्फाऐवजी जेल पॅक घातले तर वजन कमी लागेल का?

नाही. जेल पॅकमध्ये बहुतांश पाणीच असतं, म्हणून वजनाला वजन तो बर्फापेक्षा थोडा कमीच काम करतो. हिशेबात १० टक्के वाढवा. ओल्या बर्फालाही तेवढेच वाढवत असल्यामुळे गोळाबेरीज सारखीच होते. फायदा एवढाच की पाणी सांडत नाही. विमानाने पाठवायचं असेल तर बहुधा जेल पॅकच लागतात.

खरी फसगत गोठवण्यात होते. खोक्यात रचून फ्रीझरमध्ये ठेवलेले पॅक बाहेरून टणक होतात, आत पातळच राहतात. घरगुती फ्रीझरला सुटे मांडलेले पॅक गोठवायलाही २४ ते ४८ तास लागतात. अर्धवट गोठलेला पॅक अर्ध्याच थंडाव्याचा. पॅक वाकवून पाहा, वाकला तर परत ठेवा.

११. इन्सुलिन किंवा २ ते ८ अंशांची औषधं पाठवायला किती पॅक लागतील?

इथे गोठणं हा तापण्याहून मोठा धोका आहे. गोठलेलं इन्सुलिन परत पातळ झालं तरी वापरायचं नाही, आणि बाटलीकडे पाहून ते कळेलच असं नाही. उणे १८ अंशाचा पॅक बाटलीला चिकटून बसला तर तिथे ते सहज गोठतं.

म्हणून पॅक आधी "कंडिशन" करा. फ्रीझरमधून काढून खोलीत सुटे मांडा. पॅकवरची पांढरी भुकटी जाऊन घाम येऊ लागेल. कानाजवळ हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की पॅक शून्यावर आला. घड्याळावर जाऊ नका, आवाज ऐका. सरकारी लसीकरणात व्हॅक्सीन कॅरियरमध्ये ०.४ लिटरचे चार आइस पॅक घालतात, तेही असेच तयार करून. शिवाय पॅक आणि औषध यांच्यामध्ये पुठ्ठा ठेवा.

आता आकडे. आतून २० × १५ × १५ सेंमी, भिंत ५ सेंमी थर्माकोल. गळती-आकडा २५ टक्के वाढवून २.६. आत ५ अंश, बाहेर ३५, फरक ३०. २४ तासांना २.६ × ३० × २४ = १.९ किलो, म्हणजे ०.४ लिटरचे पाच पॅक. माल इतका हलका असतो की त्याची उष्णता सोडून दिली तरी चालतं.

भिंत ३ सेंमीची असेल तर २.६ किलो, सात पॅक. साडेचार लिटरच्या पेटीत सात पॅक गेले की औषधाला जागाच उरत नाही. बाजारात मिळणाऱ्या पातळ पेट्यांचं नेमकं हेच होतं: पॅक मावतात तेवढे घातले जातात, आणि मावतात ते पुरत नाहीत. छोट्या पार्सलमध्ये पैसे भिंतीच्या जाडीवर खर्च करा.

गिऱ्हाईक वापरत असलेलं, उघडलेलं इन्सुलिन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं. नेमकी मर्यादा वेष्टनावर असते. गावातल्या गावात तासाभरात पोचवायचं असेल तर ऊन लागू न देणं पुरेसं आहे. अशा वेळी गोठलेले पॅक घालून उगाच धोका वाढवू नका.

१२. ५ अंशांना वितळणारे खास पॅक घेणं परवडतं का?

हे पॅक पाण्याऐवजी साधारण ५ अंशांना वितळणाऱ्या मेणासारख्या पदार्थाचे असतात. त्यांच्याशेजारी औषध गोठण्याची भीती फार कमी. पण किलोमागे ते सुमारे २०० किलोज्यूलच शोषतात, म्हणून बर्फाच्या हिशेबाला १.७ ने गुणा. वरच्या पेटीत १.९ किलोऐवजी तीन किलोच्या वर लागतील. हा पदार्थ पाण्याहून हलका, म्हणून जागा जवळजवळ चार लिटर. साडेचार लिटरच्या पेटीत ते बसत नाही. १२ तासांपर्यंतच्या प्रवासाला किंवा पफच्या जाड पेटीत ते उत्तम. महागडी औषधं नियमित पाठवत असाल आणि पॅक परत येण्याची सोय असेल तर जरूर घ्या.

१३. आइस्क्रीमला भरपूर जेल पॅक घातले तरी ते वितळतं. का?

साधा जेल पॅक शून्याच्या आसपास वितळतो आणि तिथेच थांबतो. आइस्क्रीमला उणे १८ हवं. पॅक कितीही घाला, एकदा ते वितळू लागले की पेटी शून्याखाली राहत नाही. प्रश्न किती याचा नाहीच, कोणता याचा आहे.

कुल्फीवाले बर्फात खडे मीठ घालतात ते यासाठीच. मिठाने बर्फाचा वितळणबिंदू खाली जातो, योग्य प्रमाणात जास्तीत जास्त उणे २१ पर्यंत. तीन किलो बर्फाला एक किलो मीठ हे प्रमाण ठेवा. नीट मिसळलं नाही तर उणे १० च्या आसपासच अडकतं. कुल्फीला तेवढं पुरतं, आइस्क्रीमच्या कपांना नाही.

याच तत्त्वावरचे उणे २१ चे मिठाचे पॅक मिळतात. ते घेण्याआधी आपला फ्रीझर तपासा. घरगुती फ्रीझर उणे १८ पर्यंतच जातो, आणि उणे २१ ला गोठणारा पॅक त्यात आठवडाभर ठेवला तरी गोठत नाही. डीप फ्रीझर उणे २५ किंवा त्याखाली जाणारा हवा.

१४. ड्राय आइस किती लागेल?

ड्राय आइस म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंशांचा. तो वितळत नाही, थेट वायू होतो आणि त्यात किलोमागे ५७१ किलोज्यूल घेतो. थंड वायू पेटीतून जाताना आणखी थोडे घेतो, म्हणून एकूण ६०० धरा. बर्फाच्या गळती-आकड्याला ०.५५ ने गुणलं की ड्राय आइसचा आकडा मिळतो.

आमची ४०×३०×३० ची पेटी घ्या: १० × ०.५५ = ५.५. आतलं तापमान उणे ६० च्या आसपास जातं, म्हणून फरक ३५ चा नसून ९५ चा. २४ तासांना ५.५ × ९५ × २४ = साडेबारा किलो. अति थंडीत थर्माकोल जास्त चांगलं रोधतो, म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी लागतो. ती बचत उशिरासाठी राहू द्या.

बर्फापेक्षा दुप्पट काम करतो म्हणून निम्मा पुरेल, असं मानणारे इथे चुकतात. किलोमागे काम वाढलं तरी तापमानाचा फरक जवळजवळ तिप्पट झालेला असतो.

दाणे जाड घ्या. ३ मिमीचे दाणे १६ मिमीच्या दाण्यांपेक्षा लवकर उडतात, ठोकळा सगळ्यात जास्त टिकतो. विक्रेत्याकडून आपल्यापर्यंत येतानाही घट होते. पेटी भरतेवेळी परत तोला आणि तेच वजन हिशेबात घ्या. माल आधीच उणे १८ किंवा त्याखाली गोठलेला हवा. ड्राय आइस वरच्या बाजूला ठेवा, थंड वायू खाली उतरतो.

१५. ड्राय आइसची पेटी चिकटपट्टीने पूर्ण बंद केली तर जास्त टिकेल ना?

कधीही करू नका. एक किलोपासून खोलीच्या तापमानाला सुमारे ५४० लिटर वायू होतो. हवाबंद डबा फुटतो. झाकण दोन बाजूंनीच चिकटवा, वायूला वाट ठेवा. हवाबंद पेटीच्या हिशेबाने वाचणारा ड्राय आइस कोणाच्या डोळ्याहून मोलाचा नाही.

हा वायू हवेच्या दीडपट जड, खाली साचतो, आणि त्याला वास नसतो. १२ किलोची पेटी बंद काचांच्या गाडीत चालकाशेजारी ठेवणं जिवावर बेतू शकतं. मागच्या कप्प्यात ठेवा, काचा उघड्या ठेवा. डोकं जड झालं किंवा धाप लागली तर थांबून गाडीबाहेर या. हाताळताना जाड कोरडे हातमोजे घाला.

विमानाने पाठवताना तो धोकादायक माल ठरतो: यूएन १८४५, वर्ग ९. पेटीवर त्याचं निव्वळ वजन किलोग्रॅममध्ये लिहावं लागतं आणि एका पेटीत २०० किलोची मर्यादा आहे. प्रवाशाला स्वतःच्या सामानात विमान कंपनीच्या परवानगीने अडीच किलोपर्यंत नेता येतो.

१६. स्ट्रॉबेरीचा हिशेब वेगळा का?

तोडलेलं फळ श्वास घेत राहतं आणि त्यातून उष्णता निघते. २० अंशांवरच्या स्ट्रॉबेरीला त्यासाठी किलोमागे तासाला सुमारे ५ ग्रॅम बर्फ लागतो, शून्याजवळ आणली की त्याचा दहावा भाग. २० अंशांवर पाच किलोला २४ तासांत ६०० ग्रॅम. फार नाही, पण पेटीत कोंडलेली ऊब फळाला आणखी तापवते, फळ आणखी जोरात श्वास घेतं, आणि हे चक्र वाढत जातं. शेतातून आणल्याबरोबर शीतगृहात थंड करून मग पेटी भरली की चक्र सुरूच होत नाही.

स्ट्रॉबेरीला पाणी लागू देऊ नका, ओल्या फळावर राखाडी बुरशी लगेच धरते. उघडा बर्फ वर्ज्य. कागदात गुंडाळलेले जेल पॅक वर ठेवा. बाकी आकडेमोड प्रश्न २ ते ४ प्रमाणेच.

१७. बर्फ घालूच नये असा माल कोणता?

हापूस. १२–१३ अंशांखाली राहिला की साल काळपट पडते आणि फळ नीट पिकत नाही. दरवर्षी मे महिन्यात "मासळीच्या पेटीत चार आंबे टाकू का?" असं विचारलं जातं. टाकू नका. आमरस गोठवून पाठवायचा असेल तर प्रश्न १३ आणि १४ पाहा.

जिवंत चिंबोऱ्या. त्या बर्फावर ठेवल्या किंवा वितळलेल्या गोड्या पाण्यात बसल्या की मरतात. समुद्राच्या पाण्याने ओलं केलेलं गोणपाट, हवेला भोकं, आणि पेटीत एका कोपऱ्यात बंद बाटलीतला बर्फ, पुठ्ठ्याआड, एवढंच.

रक्तातले प्लेटलेट २० ते २४ अंशांवर न्यायचे असतात. त्यांच्या पेटीत बर्फ घालायचा नाही. रक्ताच्या पिशव्या मात्र थंडच जातात, म्हणून दोन्ही एकाच पेटीत नेता येत नाहीत.

१८. तापमान नोंदवणारा लॉगर कुठे ठेवायचा?

दोन ठेवा. एक मालाच्या मधोमध, दुसरा झाकणाखालच्या कोपऱ्यात, जिथे सगळ्यात आधी तापतं. औषधात तिसरा पॅकला सर्वात जवळच्या बाटलीशी ठेवा, गोठण्याचा धोका तिथे दिसतो. बर्फावर ठेवलेला लॉगर बर्फाचंच तापमान सांगतो. एकच परवडत असेल तर मासळीला मध्ये, औषधाला पॅकजवळ.

१९. पेटी उशिरा पोचली, बर्फ संपलेला. माल वापरावा का?

बर्फ संपला म्हणजे माल गेलाच असं नाही. आत सुई खुपसून माशाच्या मध्यभागाचं तापमान पाहा. पाणी अजून गार आणि मासा ४ अंशांखाली असेल तर लगेच नव्या बर्फात घाला.

त्यावर गेला असेल आणि किती वेळ तसा होता हे माहीत नसेल, तर बांगडा, कुपा यांसारखे मासे टाकून द्या. त्यांच्यात उबेत हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही, आणि मासा वासाला ठीक वाटत असतानाही ते असू शकतं. खाल्ल्यावर अंग लाल होणं, डोकं दुखणं, पुरळ, उलट्या असा त्रास होतो. गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगा आणि पैसे परत करा.

औषधाच्या बाबतीत वापरावं की नाही हे पाठवणाऱ्याने ठरवू नये. लॉगरची नोंद उत्पादक कंपनीकडे पाठवून विचारा. उत्तर येईपर्यंत माल वेगळा करून, "वापरू नये" अशी चिठ्ठी लावून, २ ते ८ अंशांतच ठेवा.